पाव टक्का

बँकेत मुदत ठेवीच्या काउंटरवर मी अकरा वर्षं काढली. कॅशवर बसणाऱ्याला माणसांचे हात ओळखता येतात, कर्जखात्यातल्याला त्यांच्या थापा ओळखता येतात. मुदत ठेवीवर बसणाऱ्याला मात्र माणसाची भीती बघायला मिळते. तीही इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी घेऊन, सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी.

आमची शाखा नाशिकला, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर. तिथे एक आजोबा यायचे. त्यांच्या खिशात वहीचा फाडलेला कागद आणि त्यावर गावातल्या सात बँकांचे व्याजदर. "तुमचे किती?" असं ते विचारायचे. मी फळ्याकडे बोट दाखवायचो. ते फळा वाचायचे, मग कागद वाचायचे, मग माझ्याकडे असे बघायचे, की दर जणू मीच सकाळी घरून ठरवून आणलाय. "कॅनडा कॉर्नरवाले पाव टक्का जास्त देतात."

एक लाखाला पाव टक्का म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये. महिन्याला वीस रुपये त्र्याऐंशी पैसे. एवढ्यासाठी आजोबा इंदिरानगरहून रिक्षानं आमच्याकडे यायचे, आमच्याकडून कॅनडा कॉर्नरला जायचे, तिथले साहेब जेवायला गेले असले तर बाकावर तासभर बसायचे आणि परतताना ऊन लागतं म्हणून उसाचा रस प्यायचे. पाव टक्का घरी पोचेपर्यंत त्यातलं काय उरत असेल कोण जाणे. पण हे झालं माझं गणित. त्यांच्या गणितात पाव टक्का सोडणं म्हणजे गाफील राहणं होतं, आणि गाफील माणसाचं मुद्दलही जातं.

आजोबांच्या वरताण एक आजी होत्या, पंचवटीतल्या. पावती फाटू नये, भिजू नये, झुरळांनी कुरतडू नये म्हणून त्यांनी आपल्या सातही पावत्या लॅमिनेट करून घेतल्या होत्या. मुदत संपली तशा आजी आल्या. आता नियम असा, की पैसे हवे असतील तर पावतीच्या पाठीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही करायची. स्टॅम्प चिकटेना. आजींनी तो जिभेला लावून तीनदा ठेवला, तिन्ही वेळा तो वाळक्या पानासारखा गळून पडला. पेन तर प्लॅस्टिकवरून घसरगुंडी खेळत होतं. पैसे इतके सुरक्षित झाले होते की चोर, पूर, वाळवी यांपैकी कुणाचीच त्यांना हात लावायची टाप नव्हती. फक्त आजींनाही ते काढता येत नव्हते. शेवटी अर्ज, हमीपत्र, साहेबांची सही अशी यात्रा करून डुप्लिकेट पावत्या निघाल्या. "त्या पण नेऊ का लॅमिनेट करायला?" आजींनी विचारलं.

मी हसलो नाही. आमच्या घरातली सगळीच माणसं थोडीफार लॅमिनेट केलेली आहेत.

आमचे आप्पा पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल पवित्र शब्द एकच, 'परमनंट'. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलगा दिसायला कसा, शिकलाय किती, हे प्रश्न बायकांसाठी ठेवून आप्पा एवढंच विचारायचे, "परमनंट आहे ना?" १९८१ मध्ये मला बँकेचं पत्र आलं तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली आणि आप्पा खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "चिकटला." बावीस वर्षांच्या मुलाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा सगळ्यात प्रेमळ उद्गार. डिंकाच्या बाटलीबद्दलही कुणी इतक्या कौतुकानं बोललं नसेल.

त्यांच्या लोखंडी कपाटात एक निळी फाइल असायची. तिच्यात आयुर्विम्याच्या पॉलिस्या, पोस्टाची पासबुकं, पीपीएफ, आणि १९८८ मध्ये निघाल्यापासून किसान विकास पत्रं. साडेपाच वर्षांत दामदुप्पट! आप्पा किसान नव्हते, पण तसं पोस्टानं कधी विचारलं नाही. आज तेच पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने घेतं. म्हणजे सुरक्षितता आहे, फक्त आता तिचे गुडघे दुखतात.

१९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं आणि शेअर धडाधड कोसळायला लागले. आमच्या शाखेत शिपायापासून साहेबांपर्यंत ज्यांनी ज्यांनी थोडेफार घेतले होते, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. आमच्या घरी त्या रविवारी शिरा झाला. आप्पांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता, त्यामुळे त्यांचं काहीही गेलं नव्हतं, आणि काहीही न करता मिळालेला इतका दणदणीत विजय त्यांनी पुढची वीस वर्षं सांगितला.

माझ्या आजीच्या बोलण्यात 'जोखीम' म्हणजे दागिने. "अंगावर जोखीम आहे, रात्रीची एकटी येऊ नकोस," असं ती आत्याला बजावायची. सोन्याला आणि संकटाला ज्या भाषेत एकच शब्द पुरतो, त्या भाषेतल्या माणसानं कपाटाला दोन कुलपं लावली तर त्याला हसायचं काय? हल्ली टाय लावलेली मुलं आम्हाला समजवायला येतात, "काका, रिस्कशिवाय पैसा नाही." आजीला ते पाठच होतं. म्हणून तर पैसा आला की ती आधी घाबरायची.

पण आम्ही जोखीम घेत नाही, हे साफ खोटं आहे. आम्ही ती भरपूर घेतो, फक्त तिला 'ओळख' म्हणतो. शेजारच्या भाऊंचंच बघा. शेअर म्हणजे जुगार, म्युच्युअल फंड म्हणजे सुशिक्षितांचा जुगार, असं त्यांचं ठाम मत. निवृत्तीची मात्र सगळी पुंजी त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली. का, तर बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आणि चेअरमन ओळखीचे. ओळखीचे म्हणजे गणपतीत आरतीला शेजारी उभे राहतात. पाव टक्क्यासाठी सात बँकांचे फळे वाचणारी आमची जमात दोन टक्क्यांसाठी डोळे मिटून टाळ्या वाजवते.

मी भाऊंना काउंटरवरचं सगळं ज्ञान सांगून पाहिलं. ठेवींवर विमा असतो, ही गोष्ट आपल्या देशाला मुळात बँका बुडाल्यावर सुचली. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक अशा दोन बँका गेल्या. (बँकेचं नाव लक्ष्मी ठेवल्यावर ती चंचल निघाली तर तक्रार कुणाकडे करणार?) मग १९६२ पासून माणशी पंधराशे रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. हा आकडा १९९३ मध्ये एक लाखावर आला, आणि तिथेच सत्तावीस वर्षं बसून राहिला. २०२० च्या फेब्रुवारीत तो पाच लाख झाला. सहकारी बँकांना हे कवच आहे. पतसंस्थेला नाही. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विमा माणसाचा काढतात. पैशाला काय हार्ट अटॅक येतो?"

एका सोमवारी पतसंस्था उघडलीच नाही. भाऊ सकाळचं फिरणं त्या बाजूला न्यायला लागले. "जरा बघून येतो, उघडली का." सहा वर्षं रोज. त्यानं त्यांची साखर आटोक्यात आली, हा त्या ठेवीचा मिळालेला एकमेव परतावा. पैसे बुडाले असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. 'अडकलेत' म्हणायचे. आमच्याकडे पैसे बुडत नाहीत. ते अडकतात. बुडालेल्याचं तेरावं घालावं लागतं, अडकलेल्याची वाट बघता येते.

माझ्या मेहुण्याची तर वेगळीच तऱ्हा. सरकारी नोकरी, बायकोही सरकारी नोकरीत, घराला दोन परमनंट खांब. पंधरा-एक वर्षांपूर्वी इमू पाळण्याची लाट आली होती. कुणीतरी त्याला पटवलं की पक्षी तुम्ही घ्या, अंडी आम्ही नेतो, तेल निघतं, पिसं विकतात, कातडं परदेशी जातं. माणसानं फक्त घ्यायचं आणि बघत बसायचं. मेहुण्यानं सिन्नरच्या वडिलोपार्जित तुकड्यावर कुंपण घालून इमूच्या सहा जोड्या आणल्या. वर्षभरानं कंपनीचा फोन लागेना. ऑफिसला कुलूप. इमू मात्र होते. तेल कुणी मागेना, मांस कुणी खाईना, आणि खाद्याचा खर्च माणसासारखा. मुद्दल कुंपणातून फिरत होतं आणि व्याज मागायला गेलं की लाथ मारत होतं. एक इमू पळून पुण्याच्या हायवेवर गेला तेव्हा मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की शेअर बरे. पडतात, पण धावत नाहीत.

आणि तरी हा मेहुणाच मला २००० साली सांगायला आला होता, की "भाऊजी, वेडेपणा करू नका."

त्या वर्षी सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्ती आली. व्हीआरएस. अट अशी की पंधरा वर्षं नोकरी झालेली हवी किंवा वय चाळीस पूर्ण हवं. मिळणार काय? झालेल्या दर वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी असेल ते. माझी एकोणीस वर्षं झाली होती, एकोणीस उरली होती. म्हणजे मी अगदी तराजूच्या काट्यावर बसलो होतो. साठ गुणिले एकोणीस, अकराशे चाळीस दिवस, अडतीस महिन्यांचा पगार एकरकमी. नाहीतर दोनशे अठ्ठावीस महिन्यांचा पगार, महिन्याच्या महिन्याला, काउंटरवर बसून. अडतीस की दोनशे अठ्ठावीस, हे तिसरीतल्या पोरालाही कळेल. पण त्या अडतीसच्या पुढे मोकळी सकाळ होती आणि दोनशे अठ्ठावीसच्या पुढे कॅनडा कॉर्नरवाले आजोबा होते.

ते दिवस विसरता येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला आणि कॅल्क्युलेटर पुढे. पोळ्या बांधलेल्या कागदावरही आकडेमोड. एवढी वर्षं व्हाउचरला व्हाउचर जोडणाऱ्या माणसांच्या पोटात काय काय दडलं होतं, ते तेव्हा कळलं. एकाला सायबर कॅफे काढायचा होता, एकाला गावी जाऊन गाई पाळायच्या होत्या. आमच्या हेडकॅशियरला तर बासरी शिकायची होती. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते माहीत नव्हतं. आणि माझ्या बाजूच्या टेबलावरच्या मित्राला एसटीडी बूथ टाकायचा होता. त्याचा हिशेब पक्का होता. "माणूस एक वेळ जेवणार नाही, पण फोन करणारच. रात्री अकरानंतर पाव दर होतो ना, तेव्हा रांग बघ बूथला." पाव म्हटलं की आमच्या लोकांचा विश्वास बसतो.

त्या मित्राकडे दाखल्यांचाही साठा होता. पहिला दाखला फाळक्यांचा, कारण फाळके आमच्या त्र्यंबकचे. दादासाहेब फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडली, विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये सिनेमा शिकायला लंडन गाठलं. परत आल्यावर बायकोचे दागिने गेले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. "आपल्या देशाचा सिनेमा गहाण पडलेल्या पॉलिसीतून जन्मला," मित्र टेबलावर हात आपटून म्हणायचा, "आणि तू तुझ्या पॉलिस्या कपाटात ठेवून काय उजेड पाडलास?"

मी रात्री पडल्यापडल्या फाळक्यांचा कर्जप्रस्ताव बँकेच्या नजरेनं तपासून पाहिला. अर्जदार: सरकारी नोकरी सोडलेला. धंदा: हलणारी चित्रं. अनुभव: नाही. तारण: स्वतःच्याच मरणावर मिळणारे पैसे. सहअर्जदार पत्नी, काम: सगळ्या कंपनीचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मला भोकं पाडणं. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळत नाही, म्हणून हॉटेलातल्या स्वयंपाक्याला पगार वाढवून आणलंय. आणि चित्रपटाचा विषय काय, तर एक राजा शब्दासाठी राज्य देऊन टाकतो आणि पुढे बायकापोरं विकतो. विषयच दिवाळखोरीचा! मी शाखाधिकारी असतो तर प्रस्ताव वाचून अर्जदाराला आधी पाणी विचारलं असतं.

आप्पांपुढे फाळक्यांचं नाव काढायची चूक मी केली. आप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. "शेवटी कुठे वारले?"

"नाशिकलाच. चव्वेचाळीस साली."

"पेन्शन होतं?"

शेवटची वर्षं फाळक्यांनी ओढगस्तीत काढली, हे आप्पांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. भारतीय चित्रपटसृष्टीचा निकाल लागला होता.

मित्राचा दुसरा दाखला ताजा होता. अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून राजीव सामंत गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षं लावत होते, आणि नेमकी त्याच वर्षी त्यांच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली. यावर आप्पांचं भाष्य एका शब्दाचं होतं. "दारू?"

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं तसं करा." संसार केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

शेवटी मी काउंटरवरच्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. निफाडकडचे द्राक्षबागायतदार. हंगाम झाला की ते वर्षाची ठेव ठेवायचे आणि पुढचा हंगाम यायच्या आत मोडायला यायचे. मुदतीपूर्वी मोडली की व्याज कापलं जातं, हे मी त्यांना दर वर्षी सांगायचो, आणि दर वर्षी ते म्हणायचे, "कापा. आमचं सगळेच कापतात." त्या दिवशी तेच म्हणाले, "साहेब, बँक म्हणे तुम्हाला पैसे देऊन घरी धाडती? आमाला तर घरी बसायला कुणी रुपया देईना."

"काय करावं, समजत नाही," मी म्हणालो. "छाटणीच आहे ही एक प्रकारची."

"छाटणी?" ते खुलले. "आवं, छाटल्याबिगर माल लागतो का? एप्रिलला छाटायचं, ऑक्टोबरला छाटायचं. वेल नुसता माजवला तर पानंच येत्यात."

मला एकदम हलकं वाटलं. अर्ज खिशात होता. मी तो काढणार, तेवढ्यात त्यांनी उरलेलं सांगितलं.

"आता छाटल्यावर चार दिस पाऊस लागला तर डावणी येती, ती गोष्ट निराळी. मग घड जागेवर जिरून जातो. तुमच्या ठेवीला पावती तरी असती, साहेब. आमची ठेव वेलाला टांगलेली. मोडायला ढग येतो, सही पण घेत नाही." आणि सही करून, कापलेल्या व्याजाकडे न बघता, पैसे मोजून ते औषध फवारायला निघून गेले. हा माणूस दर वर्षी आपली सगळी मिळकत उघड्या आभाळाखाली टांगून रात्री झोपतो. मी अडतीस महिन्यांच्या पगारासाठी तीन आठवडे जागा होतो.

अर्ज मी पूर्ण भरला. नाव, कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, सगळं. सहीची जागा तेवढी ठेवली, शेवटच्या दिवशी करू म्हणून. शेवटच्या दिवशी अर्ज सापडेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "महत्त्वाचा कागद दिसला म्हणून निळ्या फाइलमध्ये ठेवला." निळी फाइल कपाटात, कपाटाची किल्ली आप्पांकडे, आणि आप्पा त्या दिवशी त्र्यंबकला. दिवस मावळला. मुदत संपली. मी कुलूप फोडू शकलो असतो, हे मला पुढे अनेकदा सुचलं.

देशभरात लाखाच्या आसपास बँकवाले तेव्हा बाहेर पडले. आमच्या शाखेतले अकरा गेले. हेडकॅशियर बासरी शिकले. निरोप समारंभानंतर सहा महिन्यांनी त्यांनी आम्हाला वाजवूनही दाखवली. पैसे मोजायला ते फार चांगले होते. गाईवाला गाईंसकट सुखी आहे असं ऐकतो. सायबर कॅफे पाचेक वर्षं चालला. मित्राच्या बूथवर रात्री अकराला खरोखर रांग लागायची. मग २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि रांग घरी गेली. मित्र काही दिवस काचेच्या खोक्यात नुसता बसून असायचा. मी जाता-येता हात करायचो. तेव्हा मला आतून जे वाटायचं, त्याला आमच्या घरी शिरा म्हणतात. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

नंतर त्यानं बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन घातलं. मग लॅमिनेशनचं. जागा आमच्या बँकेच्या दारात. पॅन कार्ड, आधार, पासबुकाचं पहिलं पान, एप्रिलमध्ये व्याजावर कर कापू नये म्हणून भरायचे फॉर्म. ज्या ज्या माणसाला काहीतरी जपून ठेवायचं असतं, तो त्याच्या दुकानावरून जातो. आमच्या भीतीवर त्याचं दुकान चालतं आणि बरं चालतं. मुलीला त्यानं त्यावरच डॉक्टर केलं. माझा मुलगा इंजिनियर आहे. बरोबरी म्हणायला हरकत नाही, पण मी हिशेब मांडायला बसलो की दर वेळी कुठेतरी पाव टक्का चुकतो.

२०१९ मध्ये मी साठाव्या वर्षी निवृत्त झालो. आता माझ्याच खिशात वहीचा कागद असतो. ज्येष्ठ नागरिकाचा अर्धा टक्का, माजी कर्मचाऱ्याचा एक, तरी कॅनडा कॉर्नरला एकदा विचारून येतो. काउंटरवरची मुलगी फळ्याकडे बोट दाखवते. आता तो फळा राहिला नाही, टीव्ही आहे, आणि मला हवा असलेला दर आला की नेमकी विम्याची जाहिरात लागते.

आप्पा गेल्यावर कपाट माझ्याकडे आलं होतं, पण निळी फाइल मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा नीट उघडली. मुदत संपलेली पत्रं, भरून झालेल्या पॉलिस्या, माझं १९८१ चं नेमणूक पत्र, आणि त्याच्या खाली तो अर्ज. घडीवर जरा पिवळा पडलेला. बाकी जसाच्या तसा. आप्पांनी वर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'महत्त्वाचे. विचारल्यास देणे.'

मी तो खिशात घातला आणि मित्राच्या दुकानात गेलो. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, अर्ज उलटसुलट बघितला. माझं त्या वेळचं हस्ताक्षर, कर्मचारी क्रमांक, खाली मोकळी जागा. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मशीनचं बटण दाबलं.

"तापायला दोन मिनिटं लागतील," तो म्हणाला. "वीस रुपये होतात, तुला पंधरा. आणि सही करायची असेल तर आत्ताच कर. नंतर पेन घसरतं."